विझव्या हसत नाही

माझ्या नाकावर राग असतो. घरीदारी सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं उगाच आरडाओरडा केला. मी केला, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

कार्टून मालिकांसाठी आवाज टिपायचा, निवडायचा आणि चित्रावर बसवायचा, हे माझं काम. आमच्याकडे आवाज आधी येतो. कलाकार काचेच्या पलीकडे उभा राहून बोलतो, मी अलीकडे बसून ते टिपते, मग चित्रकार त्या आवाजावर तोंडं हलवतात. चित्रं तयार होऊन आली की पावलं, वारा, दारांची करकर हे मी घालते. पडद्यावर कोणी शिंकलं तर ती शिंक बहुतेक माझीच असते.

आमच्या मालिकेत एक गाव होतं. तिथे प्रत्येक मूल तळहातावर ज्योत घेऊन जन्माला यायचं. ज्योत मोठी असली की गडावर राहायचं, लहान असली की गडाखालच्या खाणीत दगड फोडायचे. कोणी ठरवलं, का ठरवलं, हे कोणी विचारायचं नाही. नायिका म्हणजे ठिणगी, नावाप्रमाणेच इवल्याशा ज्योतीची, जिभेची तिखट. आणि तिच्यासमोर विझव्या. त्याची ज्योत गावात सगळ्यांत मोठी होती. त्याची मुलगी मात्र जेमतेम मिणमिणती ज्योत घेऊन जन्मली, खाणीत गेली आणि परत आली नाही. त्या दिवशी त्यानं आधी स्वतःची ज्योत विझवली. मग गावातली एकेक विझवत सुटला. अंधारात सगळे सारखे, असं त्याचं म्हणणं.

मला असले दुष्ट मनापासून आवडतात. लाज कसली त्यात? सगळं मलाच पाहिजे म्हणणारा वखवखलेला खलनायक आला की मला जांभई येते. तसले नातेवाईक आपल्याकडे कमी आहेत का? पण ज्याला एखादी गोष्ट आतून पटली आहे, तो पडद्यावर आला की मी हातातलं काम सोडून बघते. त्याची अर्धी गोष्ट खरी असते. तो बोलायला लागतो आणि आपली मान हळूहळू होकारार्थी हलायला लागते, मग एकदम लक्षात येतं की अरेच्चा, हा तर गाव बुडवायला निघालाय. नायकाला कोणीतरी तलवार देतं, घोडा देतं, आशीर्वाद देतं. याला कोणी काही देत नाही. याच्याकडे फक्त त्याचं म्हणणं असतं, आणि तेवढ्यावर तो बारा भागांची मालिका ओढून नेतो.

विझव्याचा आवाज माझ्या सासऱ्यांचा होता.

सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते. उभा जन्म नाटकात काढलेला माणूस. राजे झाले, दारुडे झाले, एकदा तर तीन अंक नुसते मेलेले होते. नाटकं थांबली तेव्हा घरी बसले आणि माझं डोकं खायला लागले. पंखा किती वेगानं फिरवायचा यावरून आमची भांडणं. चहात साखर आधी की नंतर, यावरून भांडणं. नवरा आणि सासूबाई आमच्यामधून पाण्याचा ग्लास घेऊन असे जातात, जणू तिथे कोणी नाहीच. विझव्यासाठी आवाज हवाय असं कळलं तेव्हा मी अण्णांचं नाव सुचवलं, ते काही फार प्रेमानं नाही. दुपारचे दोन तास तरी घर शांत राहील म्हणून.

पहिल्या दिवशी ते काचेपलीकडे उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि विझव्याचं पहिलं वाक्य बोलले. ओरडले नाहीत. आवाज घोगरा, भेसूर केला नाही. एखादा बाप शाळेत मास्तरांना भेटायला येतो आणि समजुतीनं बोलतो, तसं बोलले. माझ्या शेजारी बसलेली आमची लेखिका, एरवी तोंडात पेन्सिल धरून बसणारी, तिची पेन्सिल खाली पडली. मला इतका अभिमान वाटला की घरी जाताना मी त्यांच्याशी मुद्दाम भांडले.

आमच्या कामात एक पद्धत आहे. खलनायकाचा कलाकार घेतला की त्याच्याकडून सुटे आवाज टिपून ठेवायचे. खोकणं, कण्हणं, पडताना ओरडणं, आणि गडगडाटी हसणं तर हवंच. मग ते कपाटात ठेवलेल्या कपड्यांसारखे कधीही काढून कुठेही घालता येतात. करारातच तसं लिहिलेलं असतं. अण्णांनी सगळं दिलं. खोकले असे की मला घसा खवखवल्यासारखा वाटला. हसणं मात्र दिलं नाही.

“विझव्या हसत नाही,” ते म्हणाले. “ज्याला स्वतःचं म्हणणं पटलंय, त्याला लोकांसमोर हसून दाखवावं लागत नाही. हसतो तो चोर. एकदा हसणं तुमच्या हाती दिलं की तुम्ही ते कुठेही चिकटवणार आणि माझ्या माणसाचा चोर करणार.”

आमच्या मालकांनी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढे बघू म्हणाले. मालक तसे वाईट नाहीत, फक्त टोपीखालचं डोकं सतत हिशेब करत असतं. घरातसुद्धा टोपी घालतात, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलंय.

मालिका जोरात चालली, आणि अण्णांचा आवाज बसायला लागला. आधी आम्हाला वाटलं, विझव्यामुळे बसला. मग सर्दीमुळे वाटलं. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठ आहे, आणि गाठीबरोबर सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. अण्णांनी ते ऐकून फक्त एकच प्रश्न विचारला, की शेवटचा भाग तोपर्यंत टिपून होईल का. मला तिथल्या तिथे त्यांना बदडावंसं वाटलं, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतात माझ्याकडे, काय करणार.

शेवटचा भाग मालकांनी आधी टिपायला लावला, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. त्या कधी काही मागत नाहीत. म्हणाल्या, त्यांचं बोलणं ढीगभर आहे, नाटकांच्या ध्वनिफिती आहेत, मालिका आहे. पण त्यांचं हसणं कुठेच नाही. नाटकात हसले ते त्या-त्या राजाचं हसणं, त्यांचं नव्हे. घरातलं, ते अडकत अडकत वर चढतं आणि मग खोकल्यात पडतं, तेवढं एक कुठेतरी ठेव. मी बरं म्हटलं. पण कसं ठेवणार? माणसाला सांगून असं हसू येतं का?

शेवटच्या भागात ठिणगी गडाच्या पायऱ्यांवर विझव्याला गाठते. गावात आता तिची एकटीची ज्योत उरलेली असते. विझव्या तिला शांतपणे समजावतो, मुलीची गोष्ट सांगतो, आणि खरं सांगते, ऐकणाऱ्याला वाटतं की पोरी, विझव बाई एकदाची. तेव्हा ठिणगी त्याला एवढंच विचारते, की हे सगळं आमच्यासाठी केलंस ना, मग आम्हाला विचारलंस का? गडावरच्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही. तू तरी विचारलंस का?

विझव्या खाली अंधारलेल्या गावाकडे बघतो आणि म्हणतो, “नाही विचारलं.”

मग मागे वळतो आणि एकटा अंधारात पायऱ्या उतरून जातो. बस. लढाई नाही, कडेलोट नाही. पटलेल्या माणसाला हरवायचं तर त्याच्याच म्हणण्यातली फट दाखवावी लागते, आणि खरा पटलेला असेल तर ती त्याला दिसते. लेखिकेनं हे लिहिलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं की तू फार मोठी बाई होणार आहेस. मी कोणाची अशी स्तुती करत नाही.

अण्णा ते दोन शब्द बोलले. एकदाच. लेखिका उठून बाहेर गेली ती डोळे पुसूनच परत आली. मी म्हटलं झालं, सुटलो. तेवढ्यात मालक म्हणाले की आता ते हसणं उरकून घ्या, मी एक फोन करून येतो.

अण्णांनी काचेपलीकडून मान हलवली. नाही.

आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलण्याचं बटण दाबलं आणि सुटलेच. म्हटलं, घरी पंख्यावरून भांडता, इथे हसण्यावरून भांडता. परवा तुम्ही दवाखान्यात जाऊन आरामात झोपाल आणि इकडे या टोपीवाल्याशी मला एकटीला डोकं फोडावं लागेल. एकदा हसलात तर काय सोनं झडणार आहे तुमचं? तिकडे आई वाट बघत बसल्यात. मी सांगते म्हणून हसा. आत्ताच्या आत्ता हसा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

हसा, असं कोणी कोणाला फाशीची शिक्षा सुनावल्यासारखं सांगितलं नसेल. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. खरं, घरातलं. अडकत अडकत वर चढलं, खोकल्यात पडलं, उठून पुन्हा चढलं. चष्मा नाकावर घसरला. मी रागानं लालच होते, मला त्यात काही गंमत वाटली नाही. मालक आले तेव्हा अण्णा डोळे पुसत होते आणि हसणं द्यायला पुन्हा नकारच देत होते.

आमच्या धंद्यात टिपायचं यंत्र मध्येच बंद करत नाहीत, कारण कलाकाराचं सगळ्यांत चांगलं वाक्य तो तालीम समजून बोलतो. सवयीनं मीही बंद केलं नव्हतं. अण्णांची शस्त्रक्रिया होऊन गेली, शेवटच्या भागाची चित्रंही तयार होऊन आली, आणि मी एका सकाळी मूळचा आवाज पुन्हा काढून साफ करायला बसले तेव्हा मला ते हसणं सापडलं. मी तिथेच बसून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग वेगळं काढलं, आणि वेगळं काढलेल्या प्रत्येक आवाजाला पात्राचं नाव द्यायचं हे हाताला इतकं वळण पडलेलं, की मी त्याला नाव दिलं ‘विझव्या – हसणं’, आणि आमच्याकडे कोणालाही उघडता येणाऱ्या सुट्या आवाजांच्या साठ्यात ठेवून दिलं. सासऱ्यांचं हसणं, आणि मी त्याला पात्राचं लेबल लावून मोकळी. हे फक्त आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे.

दुसऱ्याच दिवशी मालक माझ्या खोलीत नाचत आले. त्यांना ते सापडलं होतं. इतकं झकास हसणं आणि मला सांगितलं का नाहीस, असं विचारत होते. मग त्यांनी बेत सांगितला. ते दोन शब्द काढायचे, ‘नाही विचारलं’. त्याजागी हे हसणं टाकायचं, विझव्याला पाठमोरा करायचा म्हणजे तोंड जुळवायला नको, आणि हसत हसतच पायरीवरून पडताना दाखवायचा.

मी का म्हणून विचारलं तेव्हा ते खाली बसले. त्यांच्या इमारतीतली मुलं अंगणात मालिका खेळतात. सगळ्यांना विझव्या व्हायचं असतं. ठिणगी व्हायला कोणी तयार नाही, ती ज्याच्यावर राज्य येतं त्याच्या गळ्यात पडते. वाहिनीवाल्यांनीही विचारलंय की मुलांना नक्की काय शिकवताय. मालकांचं म्हणणं असं, की खलनायक हसला की लहान पोराला कळतं की हा वाईट, आणि कळायलाच पाहिजे. ते मनापासून बोलत होते. मलाच वाटून गेलं की हाही एक पटलेलाच माणूस आहे.

मी नाही म्हटलं. त्यांनीही शांतपणेच सांगितलं की करारात हसणं आहे. हे लावायचं नसेल तर दुसरा कलाकार बोलावून शेवटचा भाग पुन्हा टिपतील, हसण्यासकट. म्हणजे अण्णांच्या घशातून निघालेले शेवटचे शब्द दोन्हीकडून कचऱ्यातच जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागून घेतले आणि घरी आले.

अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, तिच्यामागे श्वासासाठी ठेवलेलं भोक, मांडीवर लहान मुलांची पाटी. घर इतकं शांत होतं की मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. त्यांना काही सांगायचंच नाही असंही ठरवलं होतं, आजारी माणसाला कशाला ताप. पण त्यांच्यासमोर उभी राहिले आणि डोळ्यांपुढे त्या गडाच्या पायऱ्या आल्या. आमच्यासाठी केलंस ना, मग आम्हाला विचारलंस का?

मी सगळं सांगितलं. यंत्र चालू होतं ते, हसणं सापडलं ते, नाव दिलं ते, मालकांचं म्हणणंही. सासूबाईंसाठी हवं होतं हेही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

“मला विचारलंस?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी बाई. माझ्याकडे नेहमी उत्तर तयार असतं. त्या दिवशी दोनच शब्द होते.

“नाही विचारलं,” मी म्हटलं.

अण्णा रागावले होते, ते मला कळतं, एवढी वर्षं तोच अभ्यास केलाय. मग त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि खडू धरून बसले. मी आता विचारते म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात तर ते हसणं मी पुसून टाकेन, माझ्याकडचंही, आणि मालकांशी काय व्हायचं ते होऊ दे. मला तसं करावंसं मुळीच वाटत नव्हतं. ते हसणं माझ्याकडे नसलं तर मी कसं निभावणार होते, देव जाणे. पण बोलून बसले होते.

त्यांनी लिहिलं, सावकाश, आणि पाटी माझ्या हातात दिली.

“मुलगी होती तेव्हा हसत असेल. नंतर नाही.”

माझी ट्यूब तिथे पेटली. शेवटच्या भागात पायऱ्यांवर उभा असताना विझव्याला जुनं आठवतं. घर, पाळणा, त्याची तान्ही मुलगी त्याच्या भल्यामोठ्या ज्योतीला फुंकर घालते आणि ज्योत हलतसुद्धा नाही, आणि तो तोंड उघडून हसतो. चित्रकारांनी ते हसणं काढलं होतं. पण अण्णांनी आवाज दिला नव्हता, म्हणून आम्ही त्यावर नुसतं संगीत घातलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढे दिवस मी त्या उघड्या, मुक्या तोंडावर बासरी वाजवत बसले होते.

मी मालकांना दोन्ही करून दाखवलं. आधी त्यांच्या मनासारखं, घाईत काढून घेतलेल्या कच्च्या चित्रांवर. विझव्या पाठमोरा, पायरीवरून पडतोय आणि हसतोय. मालक पुढे सरकून बघायला लागले आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. कारण ते हसणं दुष्ट नव्हतंच. कोणाचं तरी मजेत, पोटातून हसणं होतं. विझव्या पायरीवरून पडला नसून त्याला कोणी गुदगुल्या केल्यात, असं वाटत होतं.

मग मी दुसरं लावलं. पाळणा, फुंकर, हसणं. मग अंधार, पायऱ्या, ठिणगीचा प्रश्न, आणि ‘नाही विचारलं’. ते दोन शब्द मी कितीतरी वेळा ऐकले होते. पण आधी तो माणूस हसलेला ऐकल्यावर ते ऐकवेनात. मालकांनी टोपी काढली. मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी विचारलं की हसणं दोन्हीकडे ठेवता येईल का, आणि माझं तोंड बघून स्वतःच म्हणाले, नको, राहू दे, पाळण्यापाशीच ठेव. मुलांचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, खेळू देत विझव्या. पोरं शेवटी तेही दोन शब्द म्हणतीलच ना.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी आम्ही सगळे घरी टीव्हीसमोर बसलो. नवऱ्यानं आवाज वाढवला, अण्णांनी हातानं खूण केली की कमी कर, मी म्हटलं वाढवलेलाच राहू दे, आणि पाटीवर आणि तोंडानं असं आमचं थोडं भांडण झालं. सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं.

पाळणा आला. तान्हीनं फुंकर घातली. आणि अण्णा टीव्हीतून हसले, अडकत अडकत वर चढत. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मी अण्णांकडे बघितलं तर तेही हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि गळ्याच्या पट्टीमागे श्वास फसफसत होता. हसणं टीव्हीत चढलं तसे खांदे वर गेले, खोकल्यात पडलं तसे खाली आले. उभा जन्म आवाज चित्रावर बसवण्यात चाललाय माझा, पण इतका नेमका मला कधी बसवता आला नाही.

पुढचं मला काही दिसलं नाही, डोळे भरले होते. ते दोन शब्द तेवढे ऐकू आले. मग नावं सरकायला लागली आणि सासूबाई माझ्याकडे वळल्या. इतके कशावर हसले होते गं हे, त्यांनी विचारलं.

अण्णांनी खडू उचलला होता, पण मीच आधी बोलले.

“माझ्यावर,” मी म्हटलं.